दुसरं माप

"चहा नको मला," ठिणगी म्हणाली. "पाहुणी म्हणून आलेली नाही मी."

"घे गं. भांडायलासुद्धा घसा ओला लागतो," वहिनी म्हणाली. कप बाकावर ठेवून ती ट्रे घेऊन पुढे गेली तसा तिच्या डाव्या, नकली पायाचा चामडी पट्टा करकरला. तो पाय याच कारखान्यात बनला होता. त्याच्या आधीचे झिजून गेले तेही इथेच बनले होते. घरादाराला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच कुणी मान वर करून बघायचे.

रविवार होता आणि कारखाना बंद होता. एरवी मापाच्या खोलीतल्या या लांब बाकांवर हात किंवा पाय गेलेली माणसे नंबर यायची वाट बघत बसलेली असत. आज तिथे घर बसले होते. टेबलाच्या डोक्याशी दादा, म्हणजे थोरला, ट्रस्टचा मॅनेजिंग ट्रस्टी. त्याच्या उजव्या हाताला धाकटा. ती जागा ठिणगीला आल्या आल्या खटकली होती, कारण इतके महिने धाकटा तिच्या शेजारी बसत होता. धाकट्याची मुलगी खिडकीशी उभी होती. तिने वकिलीची सनद घेतली तेव्हापासून सगळे तिला चेष्टेने वकीलसाहेब म्हणत. दादाविरुद्धचा अर्ज तिनेच लिहिला आहे हे कळल्यापासून ती चेष्टा बंद झाली होती.

"उद्या तारीख आहे," दादा म्हणाला. "म्हटलं, कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांची तोंडं चुकवण्यापेक्षा आज इथं बसून बोलू."

"माझं तोंड तू रोज बघतोस. खाली आधाराच्या दांड्यांपाशी असते मी, माणसांना चालायला शिकवत. तू वर ऑफिसात जागेचा सौदा करत होतास तेव्हाही तिथंच होते."

"झालं सुरू."

"सुरू तू केलंस. भर गावातली जागा विकायची, तीही कुणाला, तर स्वतःच्या व्याह्याला! जगात दुसरा बिल्डर मिळाला नाही तुला?"

दादाने उत्तर दिले नाही. तो उत्तर देत नसे तेव्हा ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि हे त्याला लहानपणापासून माहीत होते. ठिणगी हे नाव वडिलांनी, अण्णांनी ठेवलेले. पन्नाशी उलटली, केस पिकले, स्वतःच्या घरी सुना आल्या, तरी बहिणीचे ते नाव काही गेले नाही आणि तो स्वभावही गेला नाही. अण्णा गेले तेव्हाही ती रडायच्या आधी डॉक्टरांवर चिडली होती.

आज मात्र तिचा सगळ्यात मोठा राग स्वतःवर होता. अर्ज देताना पोरीने तिला बजावले होते. पोर म्हणाली होती, "आत्या, असल्या ट्रस्टवर दावा लावायचा तर आधी कोर्टाची परवानगी लागते. ट्रस्टींना उगाच कुणी उठून छळू नये म्हणून तसा नियम आहे. ट्रस्टशी संबंध असलेली किमान दोन माणसं लागतात. परवानगी देण्याआधी समोरच्याला नोटीस काढायची की नाही, हे कोर्ट ठरवतं. बहुतेक वेळा काढतं. पण विक्री तोंडावर आली आहे, तर आपण म्हणू की घाई आहे, आधी परवानगी द्या. निदान मागून तरी बघू."

आणि ठिणगी, ही अख्ख्या घरातली भांडखोर बाई, तेव्हा म्हणाली होती, "छे! दादाला आधी कळलं पाहिजे. मी चोरून काही करणार नाही. भांडेन, पण समोरून भांडेन." पोरीने परोपरीने समजावले. हिने ऐकले नाही. नोटीस रीतसर गेली. दादाच्या वकिलाने तारखेपर्यंत विक्री करणार नाही असे कोर्टात सांगितले, आणि ठिणगीला वाटले, बघा, समोरून वागले की समोरचाही सरळ वागतो. त्या मिळालेल्या दिवसांत दादाने काय केले ते आता त्याच्या उजव्या हाताला मान खाली घालून बसले होते.

"मी काय म्हणतो ते शांतपणे ऐक," दादा म्हणाला. "जागा विकून पैसे मी खिशात घालणार नाही. बायपासच्या पलीकडे मोठी शेड घेतली आहे. तिथं नवं मशीन बसेल. पाय त्याच्यासमोर धरायचा, की माप आपोआप कॉम्प्युटरवर येतं. आपण अजून फीत आणि प्लॅस्टरवर अडकलो आहोत."

"आणि त्या शेडपर्यंत माणसांनी जायचं कसं? उडत?"

"बस आहे."

"बस चढाच्या खाली सोडते. वरचा रस्ता पाहिलास?"

"पाहिला. हिलापण दाखवून आणली," दादाने वहिनीकडे बोट केले. "विचार तिला."

वहिनी कपबश्या गोळा करत होती. तिने वर बघितले नाही, आणि तिला कुणी विचारलेही नाही.

दादा जरा मागे रेलला. देणगीदारांशी बोलताना जो आवाज तो काढायचा तो त्याने आता काढला. "अण्णांचा नियम मीही विसरलो नाही. माप एकट्यानं घ्यायचं नाही. एकानं घेतलं की फीत दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्यानं पहिल्यापासून सगळं पुन्हा घ्यायचं, आणि दोन्ही जुळली तरच लाकूड कापायचं. मला सांगता? जन्मात माझं एकच माप चुकलं, आणि त्यातून बायको मिळाली!"

हा विनोद घरात सगळ्यांना पाठ होता. शाळकरी वयातली वहिनी अपघातानंतर पहिल्यांदा इथे आली, अण्णांनी माप घेतले, दुसरे माप तरण्याताठ्या दादाने घेतले, आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याचे बोटभर चुकले. लग्नात, बारशात, ट्रस्टच्या वार्षिक सभेत, जिथे चार माणसे जमतील तिथे तो हा किस्सा सांगायचा आणि लोक हसायचे. आज कुणी हसले नाही. धाकट्याने तेवढा ओठ हलवल्यासारखा केला.

"मुद्द्यावर ये," ठिणगी म्हणाली.

"मुद्दा असा. अर्ज मागे घे. नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गाळा ट्रस्टकडे राहणार आहे. तिथं तुझं चालायचं शिकवणं चालू ठेव. तुझ्या नावानं करून देतो. जन्मभर कुणी उठवणार नाही तुला."

"गाळा? मला गाळा देतोस तू?"

"आत्या," पोर खिडकीपाशी हळूच म्हणाली. "आत्या, थांब."

पण ठिणगी उभी राहिली होती. हाताचा धक्का लागून न प्यालेला चहा बाकावर सांडला. "माझ्या बापाची जागा आहे ही! माझ्या बापानं एकेक वीट रचली. तू कोण मला त्यातला तुकडा भीक म्हणून देणारा? माझाही हक्क आहे या जागेवर, तुझ्याइतकाच!"

पोरीने डोळे मिटून घेतले.

दादा मात्र चांगलाच खुलला. त्याने सावकाश चष्मा काढला, पुसला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? माझ्या बापाची जागा. माझा हक्क. माझ्या वकिलानं उत्तरात हेच लिहिलं आहे की हे लोकांसाठी नाही, हे घरातलं वाटणीचं भांडण आहे, ट्रस्टचं नाव पुढे करून चालवलेलं. वकीलसाहेब, घरगुती भांडणाला असली परवानगी मिळते का हो?"

"नाही," पोर म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "स्वतःच्या हक्कासाठी असेल तर नाही. पण हे स्वतःच्या हक्कासाठी नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, काका. तुम्ही मुद्दाम तिला पेटवलंत."

"मी गाळा देऊ केला. देऊ करणं गुन्हा आहे का?"

ठिणगी मटकन खाली बसली. अण्णांनी मरण्याआधी जमीन, इमारत, हत्यारे, सगळे लोकांच्या नावे लिहून दिले होते. ज्याचा हात गेला, पाय गेला, त्याचे. मुलांना काम ठेवले होते, जागा नव्हती ठेवली. त्या दिवशी तिघांतली तीच एकटी मनापासून खूश झाली होती, आणि आज तिच्याच तोंडून भलतेच निघून गेले होते. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावेसे वाटले.

"ठीक आहे," ती दम खात म्हणाली. "चुकलं माझं. माझ्या बापाची नाही. पण तुझ्या व्याह्याचीही नाही. उद्या कोर्टात मी तेवढंच सांगेन. मी आणि हा," तिने धाकट्याकडे हात केला. "दोघं सांगू."

सगळे धाकट्याकडे बघत होते आणि धाकटा टेबलावरच्या फितीकडे.

धाकट्याला लहानपणापासून दोन्हीकडून ओढाताण सहन करायची सवय होती. दादाने त्याला सायकल शिकवली होती आणि ताईने शाळेत त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्या होत्या. मोठेपणी तो प्लॅस्टरच्या खोलीत गेला. तिथे कुणी कुणाशी फार बोलत नाही. ओले प्लॅस्टर लावायचे, सुकेपर्यंत गप्प बसायचे. अर्जावर सही केली तेव्हा त्याला खरेच वाटले होते की आपण योग्य करतोय. पोरगी किती अभिमानाने बघत होती त्याच्याकडे.

मग एके दिवशी दादा प्लॅस्टरच्या खोलीत आला, दार लावून घेतले आणि साध्या आवाजात म्हणाला, "बाळ, तू वरच्या मजल्यावर राहतोस. कुणाच्या जागेत?" बस्स, एवढेच. दादाला पुढचे बोलायची गरज नव्हती. संसार मांडला तेव्हा वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, दादानेच म्हटले होते राहा. भाडे कुणी मागितले नाही आणि धाकट्याने कधी दिले नाही. पोरगी त्याच खोल्यांत रांगली, तिथेच अभ्यास करून वकील झाली. दादा जाता जाता म्हणाला होता, "दावा उभा राहिला की सगळं निघतं. माझंही निघेल, तुझंही निघेल. पेपरात जाहीर नोटीस येईल. लोकांना काय, चघळायला विषय."

आता धाकट्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "ताई, मी यातून बाहेर पडतोय."

"काय म्हणालास?"

"उद्या कोर्टात सांगणार आहे. माझी सही मी मागे घेतो असं लिहून दिलंय यात."

"कुणी लिहिलं ते? तुला तर चार ओळींचं पत्र लिहिता येत नाही!"

"टाईप करून दिलं..."

"यानं दिलं!" ठिणगी ओरडली. "आणि तू नंदीबैलासारखा सही करून मोकळा झालास. अरे, सही करताना बोटं तरी थरथरली का रे तुझी? मी शाळेत तुझ्यासाठी मास्तरचा मार खाल्ला, ते यासाठी?"

"ताई, आम्ही राहायचं कुठं?"

"म्हणजे?"

"वरच्या खोल्या ट्रस्टच्या आहेत. इतकी वर्षं फुकट राहिलोय. उद्या हिशेब मागितले की पहिलं बोट माझ्याकडे दाखवतील. या वयात मी सामान डोक्यावर घेऊन कुठं फिरू?"

पोर खिडकीपासून पुढे आली. घरात तिला असे चिडलेले कुणी पाहिले नव्हते. ती आत्यावर गेली आहे असे लोक म्हणत, पण तो राग तिने आजवर परीक्षेसाठी राखून ठेवला होता. "बाबा, मग भाडं भरू ना! मागचं सगळं भरू, हप्त्यानं भरू. मी कमावते आता. आणि नसेल परवडत तर निघू तिथून. मला त्या खोल्यांची लाज वाटायला लावलीत तुम्ही आज."

"तुला कळत नाही पोरी..."

"मला काय कळत नाही? मला एवढं कळतं की हा अर्ज दोघांचा आहे. उद्या तुम्ही हात वर केलेत की तो एकट्या आत्याचा उरतो, आणि एकट्या माणसाला कोर्ट उभंच करत नाही. अर्ज पडला की काकांनी दिलेला शब्दही संपला. परवा सकाळी जागा विकलेली असेल. तुम्ही खोल्या वाचवायला निघालात ना? अहो, इमारतच पाडणार आहेत! खोल्या काय हवेत लटकणार आहेत?"

धाकट्याने दादाकडे पाहिले. ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती हे त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होते.

"तुझी सोय मी केली आहे," दादा घाईने म्हणाला. "नव्या इमारतीत."

"वा!" ठिणगी म्हणाली. "त्यालाही गाळा, मलाही गाळा. तुझा व्याही इमारत बांधतोय की धर्मशाळा?"

दादाने मूठ टेबलावर आपटली. फीत उडून खाली पडली.

"पुरे!" तो म्हणाला. "पुरे झालं! व्याही, व्याही, व्याही! या गळक्या छपराखाली लोक बसतात त्याची लाज कुणाला वाटते? मला वाटते. पन्नास उंबरे मी झिजवतो. लोक चहा पाजतात, पाठीवर हात ठेवतात आणि वाटेला लावतात. तू खाली दांड्यांपाशी उभी राहतेस, माणूस पहिलं पाऊल टाकतो, रडतो, तुझ्या पाया पडतो. मला काय मिळतं? मला लाकडाचं बिल मिळतं, लाइटचं बिल मिळतं आणि वर बहिणीची नोटीस मिळते! कोर्टाचा माणूस ऑफिसात येऊन सगळ्या कामगारांसमोर माझ्या हातात कागद देतो. मी चोर आहे का? सांगा ना, मी चोर आहे का?"

तो धापा टाकत होता. खोटे बोलत नव्हता. हे सगळे त्याने खरेच सोसले होते, आणि सोसता सोसता कधीतरी त्याला वाटायला लागले होते की ज्याने ओझे उचलले, सामानही त्याचेच. ते केव्हापासून वाटू लागले हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते. जागेचा भाव व्याह्याने सांगितला तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारून बघावे असे त्याच्या मनातही आले नाही. विक्रीला सरकारी कचेरीची मंजुरी आली, बाकीचे दोन ट्रस्टी तो म्हणेल तिथे सही करत आले होते, त्यांनीही केली. त्याच्या लेखी काम संपले होते.

"चोर नाहीस," ठिणगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळे जास्त बोचत होता. "चोराला माहीत असतं की माल दुसऱ्याचा आहे."

दादा तिच्याकडे पाठ फिरवून दाराशी गेला. "वकीलसाहेब, घरचं बोलणं झालं. उद्या कोर्टात भेटू. माझ्याकडून आजही दार उघडं आहे." मग बायकोकडे वळून, "चल गं."

वहिनी उठली नाही.

ती कोपऱ्यातल्या लहान स्टुलावर बसली होती. पेशंटचे माप घेताना पाय टेकवायचे ते स्टूल. इतका वेळ सगळे एकमेकांवर ओरडत असताना तिने वाकून खाली पडलेली फीत उचलली होती आणि ती हातात गुंडाळत बसली होती. तिला राग लवकर येत नसे. आला की बराच काळ आतच राहायचा, आणि हा तर त्या नव्या शेडवरून आल्यापासून आत होता.

दादा तिला दाखवायला घेऊन गेला होता तेव्हा पुढे रस्ता खोदलेला म्हणून गाडी खालीच थांबली. तो म्हणाला, एवढंसं तर आहे, चल. तो पुढे, हात पाठीमागे बांधून, मशीन कुठे बसेल, खिडक्या कुठे येतील ते सांगत. ती मागे. चढावर नकली पाय टाकताना गुडघ्याच्या वरून सगळे अंग ओढावे लागते, खडीवर तो सटकतो, आणि सॉकेटच्या, म्हणजे वरच्या खोबणीच्या कडेला उरलेला पाय घासत राहतो. अर्ध्या वाटेत ती एका दगडावर टेकली. तो वरून हाक मारत होता, "ये ना, इथून काय हवा आहे बघ!" घरी आल्यावर तिने उरलेल्या पायावरचा मोजा काढला तर तो रक्ताने चिकटला होता. मग कितीतरी दिवस ती पाय न लावता कुबडीवर घरात वावरली. नवऱ्याने विचारले, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, उकाड्यानं पुरळ आलंय. त्याने मान डोलावली आणि मंजुरीच्या कागदाची गोष्ट सांगू लागला.

पुरळ म्हटले आणि त्याने ते खरे मानले. तिला जखमेपेक्षा तेच जास्त झोंबले होते.

"चल ना," दादा पुन्हा म्हणाला.

"मला एक विचारायचंय," वहिनी म्हणाली. "वकीलसाहेबांना."

पोर डोळे पुसत होती. "बोल, काकू."

"दुसरं माणूस लागतं म्हणालीस. ते घरातलंच पाहिजे असं आहे का?"

"नाही गं. उलट घरातलं नसलं तर बरं. ट्रस्टशी ज्याचा खरा संबंध आहे असं कुणीही. पण आज रविवार, उद्या सकाळी सुनावणी. दांड्यांवर चालणारा माणूस मी आता कुठून शोधू? आणि काकांविरुद्ध सही करायला कोण धजेल? प्रत्येकाला पुढचा पाय इथूनच मिळायचाय."

"म्हणजे ज्याला इथून पाय मिळतो तो चालतो."

"चालतो काय, तोच तर खरा..." आणि पोर बोलता बोलता थांबली.

ठिणगीने मान वर केली. इतक्या महिन्यांत, कोर्ट, वकील, अर्ज, दुसरे माणूस कोण या सगळ्या धावपळीत, वहिनीकडे तिचे लक्षच गेले नव्हते. वहिनी चहा देत होती. वहिनी दादाची बायको होती. तिला स्वतःची शरम वाटली.

"काय चाललंय हे?" दादा म्हणाला.

"मी सही करते," वहिनी म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? तू माझी बायको आहेस!"

"आहे ना. नाही कुठं म्हणतेय?"

"आपली पोरगी त्या घरात दिली आहे! तिच्या सासऱ्याविरुद्ध तू कोर्टात उभी राहणार? तिला तिथं काय तोंड राहील, याचा विचार केलास?"

हा घाव बरोबर बसला. वहिनीचे हात फितीवर थांबले. लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, जेवणाच्या टेबलावर सासऱ्यासमोर गप्प बसलेली लेक. तिचे डोळे भरून आले आणि ती चिडली, कारण रडायचे तिने ठरवले नव्हते.

"केला," ती म्हणाली. "त्या चढावर दगडावर बसले होते ना, तेव्हापासून तोच करतेय. पोरीला मी सांगेन. तिला नाही पटलं तर माझ्याशी बोलू नये तिनं. पण उद्या तिच्याएवढीच कुणी पोर एका पायावर त्या बसमधून उतरेल आणि वर बघेल. तिला मी काय सांगू? हवा छान आहे म्हणून?"

"तू तर मला काही बोलली नाहीस!"

"रक्त आलं होतं. पुरळ नव्हतं."

दादाची नजर तिच्या पायाकडे गेली.

"आणि तो किस्सा," वहिनी म्हणाली. आता तिचा आवाज वर चढत चालला होता आणि तिला तो आवरायचा नव्हता. "माझ्याकडे बघण्याच्या नादात माप चुकलं, तो. सगळ्या गावाला सांगून हसवलंत. मीही हसले, दर वेळी. अहो, मी त्या दिवशी इथं बसले होते, याच स्टुलावर. शाळेतली पोर. पाय गेलेला. तुमचं माप एक, अण्णांचं दुसरं. अण्णांनी ओरडून पुन्हा घ्यायला लावलं, पुन्हा जुळेना, मग तिसऱ्यांदा. मला तुमची गंमत दिसत नव्हती. मला एवढंच दिसत होतं की या दोघांचं जुळलं नाही तर मला पाय नाही. तुमच्या एकट्याच्या मापानं कापलं असतं ना, तर मी जन्मभर वाकडी चालले असते. आणि तुम्ही तरीही तो किस्सा हसत हसत सांगितला असतात."

धाकट्याने टेबलावरचा आपला कागद हळूच स्वतःकडे ओढला. त्याला तो फाडायचा होता की परत खिशात घालायचा होता ते त्याचे त्यालाही कळले नसावे. कुणी त्याच्याकडे बघितले नाही.

"घरी चल," दादा म्हणाला. त्याच्या आवाजातला देणगीदारांचा सूर पार गेला होता. "घरी बोलू आपण."

"येणारच आहे घरी. जाणार कुठं? पण ते आधी तुम्हाला सांगायचं असतं ना, कोर्टात जायच्या आधी? ठिणगीनं सांगितलं होतं, आणि तिला सगळ्यांनी खुळी ठरवली. मीही तोंडावर सांगतेय. उद्या तुमच्याविरुद्ध उभी राहणार आहे."

ठिणगी उठून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिला वहिनीच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण त्यालाही आपण उशीर केला असे वाटून ती नुसतीच उभी राहिली. वहिनीने न बघता तिचा हात ओढून आपल्या हातात धरला.

पोरीने पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढले होते. "उद्या सकाळी पहिल्यांदा हाच अर्ज देते, बाबांच्या जागी काकूचं नाव घ्या म्हणून. कोर्ट काय म्हणेल ते मी आज सांगू शकत नाही. पण आत्या एकटी नसेल." ती टेबलाशी बसली आणि लिहू लागली. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत पत्ता. मग सवयीने पुढे लिहिले, प्रतिवादीची पत्नी.

वहिनीने वाकून वाचले. "ते खोड."

पोरीने खोडले. "मग ट्रस्टशी संबंध काय म्हणून लिहू, काकू?"

वहिनीने बोटे दुमडली आणि डाव्या पायावर, गुडघ्याखाली, दार ठोठावावे तसे दोनदा ठोठावले. बंद कारखान्यात तो आवाज खणखणीत वाजला. दादा दारातच थांबला होता, त्यालाही तो ऐकू गेला.

"हा लिही," ती म्हणाली.